बुरशीची भिंत

त्या वर्षीचा मे महिना असा तापला, की दुपारच्या वेळी पळसदऱ्याच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसेना. सकाळीच सगळ्यांच्या मोबाईलवर इशारा यायचा, 'अकरा ते पाच घराबाहेर पडू नका.' महानंदा बिराजदारच्या मोबाईलवरही तो यायचा. अडचण एवढीच होती, की ती घरात राहतच नव्हती.

अंगणाच्या एका बाजूला सिमेंटच्या ठोकळ्यांचं पक्कं घर होतं. तिथं तिचा नवरा सिद्राम, मुलगा मन्मथ आणि सून प्रांजल राहत. समोर, अंगणाच्या दुसऱ्या कडेला, पत्र्याचं शेड होतं. तिथं महानंदा राहायची. तिची चूल तिथं, खाट तिथं, देवही तिथंच. घरात ती जायची ती पाहुण्यासारखी. उंबऱ्याशी उभी राहून काय हवं ते मागायची आणि फिरायची. गावात याचं कुणाला नवल वाटत नसे. भूकंपाला पन्नास वर्षं होऊन गेली, तरी पळसदऱ्यात अशी पत्र्याखाली झोपणारी माणसं अजून होती.

त्या दिवशी प्रांजल ताकाचा तांब्या घेऊन शेडमध्ये गेली, तेव्हा महानंदा खाटेवरून खाली पडलेली दिसली. अंग तव्यासारखं तापलेलं, पण घामाचा टिपूस नाही.

"आत्या!" प्रांजलनं हाक मारली. सासूला ती त्या भागातल्या रीतीप्रमाणं आत्या म्हणायची. महानंदाच्या तोंडून नुसतेच तुटके शब्द येत होते. प्रांजलनं अख्खा माठ तिच्या अंगावर रिता केला आणि मन्मथला ओरडून गाडी काढायला लावली.

तालुक्याच्या दवाखान्यात दोन दिवसांनी महानंदा नीट बोलू लागली. डॉक्टरबाई तिच्या खाटेशी बसल्या आणि म्हणाल्या, "आजी, आता पत्र्याखाली एक दुपारसुद्धा काढायची नाही. पुन्हा असं झालं तर मेंदूवर जाईल."

"मग लिंबाच्या झाडाखाली बसते."

"झाडाखालीही सेहेचाळीस अंश आहे. घरात बसा."

महानंदानं उघड्या दाराकडं नजर वळवली. पायाशी उभ्या असलेल्या मन्मथनंही तोंड फिरवलं. घर या शब्दावरून त्या दोघांमध्ये जे होतं, ते डॉक्टरबाईंना सांगत बसण्यासारखं नव्हतं.

महानंदा आठ वर्षांची होती तेव्हा तेरणेच्या काठच्या जुन्या गावात त्यांचं माळवदाचं घर होतं. दगडमातीच्या हातभर जाड भिंती आणि वर लाकडांवर थापलेली फूटभर माती. गणपती बोळवून आलेली पोरं थकून अंगणातच झोपली होती, म्हणून महानंदा वाचली. आई आणि धाकटा मल्लू आत होते. जमीन हलायची थांबली तेव्हा घराच्या जागी ढिगारा होता आणि ढिगाऱ्यातून मल्लूचा हात कोपरापर्यंत बाहेर आला होता. तो हात हलत होता. महानंदानं तो धरला आणि दुसऱ्या हातानं दगड सरकवायला लागली. दगड सरकला नाही. तिनं खूप हाका मारल्या, पण प्रत्येक घरापुढं हाका मारणारं कुणी ना कुणी होतंच. काही वेळानं हात हलायचा थांबला.

पुढं गाव नव्या जागी वसलं, सरकारनं पक्की घरं दिली, महानंदाचं सिद्रामशी लग्न झालं. लग्नाच्या पहिल्याच दिवशी तिनं त्याला सांगितलं होतं, "मी भिंतीखाली झोपत नसते." सिद्राम स्वतःही भूकंपातून वाचलेला. त्यानं अंगणात पत्र्याचं शेड घातलं आणि दोघं तिथं राहू लागली. मन्मथ तिथंच जन्मला. पण एका उन्हाळ्यात त्या तापलेल्या पत्र्याखाली पोर फणफणलं, तेव्हा सिद्रामनं त्याला उचलून पक्क्या खोलीत नेलं. महानंदा उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिथून तिचं पाऊल पुढं पडेना. तेव्हापासून बाप-लेक आत आणि आई बाहेर. मन्मथला जेवू तिनं घातलं, न्हाऊ तिनं घातलं, पण झोपताना कुशीत तिला कधी घेता आलं नाही. मधलं ते अंगण काही मोठं नव्हतं, पण तिला ते ओलांडता आलं नाही.

दवाखान्यातून आल्या दिवशी मन्मथनं तिची खाट सरळ खोलीत नेऊन टाकली. "आई, आता आत झोपायचं. बस्स झालं."

महानंदा आत गेली. खाटेवर बसली. तिनं एकदा भिंतीकडं बघितलं, एकदा छताकडं. थोड्याच वेळात महानंदा उठली आणि पदर सावरत बाहेर जाऊन उभी राहिली.

"आई, ही भिंत पडत नाही गं! मी जन्मल्यापासून आहे ती!"

"आमचीबी माझ्या आज्यापासून होती," महानंदा म्हणाली.

मन्मथच्या मनात लहानपणापासून साठलेलं होतं ते बाहेर आलं. "मला ताप भरला होता तेव्हाही तू आत आली नाहीस. माझ्यासाठी नाही आलीस, निदान स्वतःसाठी तरी ये."

महानंदानं मान खाली घातली. सिद्राम ओट्यावर बसला होता. तो उठला, आत गेला आणि एकट्यानंच तिची खाट पुन्हा बाहेर ओढत आणली.

"आत्या, उद्या माझ्याबरोबर कारखान्यावर चला," प्रांजल म्हणाली. "तिथं गार असतं. आणि भिंती नाहीत."

प्रांजल लातूरची. तिचं शिक्षण सूक्ष्मजीवशास्त्रातलं. लग्नानंतर गावाबाहेरच्या बंद पडलेल्या तेलगिरणीची जागा घेऊन तिनं तिथं काम सुरू केलं होतं. काम काय, तर बुरशी वाढवायची आणि तिच्यापासून मालाच्या खोक्यांत घालायचे मऊ ठोकळे करायचे. अलीकडं शीतगृहांच्या भिंतींसाठी ती विटाही करू लागली होती. महानंदाला या धंद्याचं मनापासून वावडं होतं. भाकरीला बुरशी धरली तर आपण ती फेकून देतो, आणि ही पोरगी बुरशी जोपासते, असं ती शेजारणींना सांगायची. शेजारणी हसायच्या. पण त्या उन्हात दुसरी सोय नव्हती. महानंदा गेली.

विटा वाढायच्या त्या मांडवाला खरंच भिंती नव्हत्या. वर हिरवी जाळी, बाजूंना ओल्या गोणपाटाचे पडदे, त्यातून पंख्यानं ओढलेली गार हवा. महानंदानं कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला. पडद्याजवळ तिच्यासाठी सतरंजी अंथरलेली होती. पहिले दोन दिवस ती नुसती पडून राहिली. तिसऱ्या दिवशी तिचं लक्ष रचून ठेवलेल्या साच्यांकडं गेलं.

साच्यांत पहिल्या दिवशी कचराच होता. सोयाबीनचं काड, साखर कारखान्याचं उसाचं भुसकट, शहरातून आलेले पुठ्ठे, जीर्ण सुती साड्या आणि चादरी, सगळं बारीक कातरून, वाफवून, ओलं करून दाबलेलं. मग त्यावर पांढरे ठिपके उमटले. ठिपक्यांना धागे फुटले. धागे एकमेकांना जाऊन भिडले, आणि आठवड्याभरात साच्यातला कचरा दिसेनासा झाला. पिंजलेल्या कापसासारखं दाट, शुभ्र काहीतरी त्याच्या जागी आलं.

"हे कोण विणलालंय गं?" महानंदानं विचारलं.

प्रांजल तिच्या शेजारी बसली. "पावसाळ्यात आपल्याला कुत्र्याची छत्री दिसते ना आत्या, ते बुरशीचं नुसतं फळ. खरी बुरशी खाली असते. केसापेक्षा बारीक धाग्यांचं जाळं. ते जाळं काडाचा थोडा भाग खातं आणि उरलेल्याला घट्ट मिठी मारून बसतं. मला फक्त त्याला गार आणि ओलं ठेवायचं. बाकी काम तेच करतं."

"आणि मग? वाढतच जातं?"

"नाही. पुरेसं विणून झालं की वीट भट्टीत ठेवायची. लाल विटेसारखी जाळायची नाही हं, नुसती कडक तापवायची. बुरशी मरते. विणलेलं मात्र तसंच राहतं."

त्या विटेत धाग्यांच्या मध्ये सगळी हवाच कोंडलेली असे. हवेतून उष्णता सहज पुढं सरकत नाही, म्हणून बाहेर कितीही तापलं तरी आतली बाजू गार राही. थंडीत गोधडी काम करते तेच हे, उलट बाजूनं. हे सगळं प्रांजलच्या आधीही शास्त्रज्ञांना माहीत होतं. अशा विटेचे दोन दोष मात्र कुणाला नीट जिंकता आले नव्हते. ती पाणी पिते आणि ती दुबळी असते. प्रांजलनं बांधलेली पहिली भिंत तर पावसात भिजली आणि भट्टीत अर्धवट तापलेल्या विटांतून चक्क अळिंब्या उगवल्या. मन्मथनं त्यांची भाजी करायला सांगून गावभर तिची थट्टा केली होती.

तिनं त्यावर उपाय शोधला तो दुसऱ्या एका जीवाच्या मदतीनं. युरियावर जगणारा एक जिवाणू असतो. त्याच्याभोवती विरघळलेलं कॅल्शियम असेल, तर तो आपल्या अंगाभोवती चुनखडी साठवत जातो. प्रांजलनं पाडलेल्या इमारतींच्या राबिटाचा भुगा करून त्यातलं कॅल्शियम पाण्यात उतरवलं, त्यात युरिया आणि जिवाणू घातले आणि तयार विटा त्या पाण्यात ठेवल्या. जिवाणूंनी प्रत्येक विटेवर चुनखडीचं पातळ, टणक कवच चढवलं. पाणी आत जायचं थांबलं. आत हलकी बुरशी, बाहेर शंखासारखी साल. तरीही छताचा भार ती विटेवर टाकत नसे. भार लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यावर. वीट फक्त ऊन, वारा आणि पाऊस अडवायला.

महानंदानं तयार वीट हातात घेतली. मोठं रताळं उचलावं इतकंच तिचं वजन होतं. तिनं ती गालाला लावून बघितली. मग बोटानं वाजवली.

"शिकलीस ते सोनं केलंस," ती म्हणाली. सुनेला तिनं इतकं मोकळेपणानं कधी काही म्हटलं नव्हतं.

त्या दिवसापासून ती मांडवात कामाला लागली. कोणत्या साच्यावर हिरवट डाग पडला, म्हणजे दुसरीच बुरशी शिरली, हे बघायचं काम प्रांजलनं तिला शिकवलं आणि महानंदाला त्याची गोडी लागली. सकाळी आल्याबरोबर ती साच्यांची झाकणं उचलून बघायची आणि "आज लई छान धरलंय," असं स्वतःशीच म्हणायची. पण संध्याकाळी शेडमध्येच परतायची. पत्रा रात्रीही तापलेला असे. तिचा चेहरा ओढल्यासारखा दिसू लागला. जून कोरडा जाणार, असं हवामान खातं सांगत होतं.

एके दिवशी प्रांजलनं विषय काढला. "आत्या, या विटांची एक खोली बांधते तुमच्यासाठी. शेड आहे त्या जागी."

महानंदाचा हात साच्यावरच थांबला.

प्रांजलनं मोबाईलवर तिला चित्रफीत दाखवली. एका प्रयोगशाळेत हलत्या फलाटावर याच विटांची खोली उभी केली होती आणि फलाट किल्लारीच्या भूकंपापेक्षाही जोरात हलवला होता. सांगाडा वेताच्या टोपलीसारखा लवला. काही विटा निखळून खाली पडल्या. छत जागच्या जागी राहिलं.

महानंदानं ती शेवटपर्यंत पाहिली. "त्या विटा पडल्या, त्यांच्याखाली कोण झोपलं होतं?"

"कुणीच नाही, आत्या."

"मग कसं कळलं?"

प्रांजलनं मोबाईल खाली ठेवला. मग म्हणाली, "भिंत पडणारच नाही, असं मी सांगणार नाही. भूकंप मोठा असला तर पडेलही. पण पडली तर मारणार नाही. एवढं मात्र सांगते."

महानंदानं तिच्याकडं निरखून पाहिलं. भूकंपानंतर आजवर अधिकारी, इंजिनिअर, नवरा, मुलगा, सगळ्यांनी तिला एकच गोष्ट सांगितली होती. भिंत पडत नाही. त्यावर तिचा कधीच विश्वास बसला नव्हता, कारण भिंत पडते हे तिनं बघितलं होतं. पडेल, असं कबूल करणारं माणूस तिला पहिल्यांदाच भेटलं होतं.

"दाखव," ती म्हणाली.

दोन दिवसांनी सकाळी तेलगिरणीच्या अंगणात प्रांजलनं एक सुटी भिंत रचली, पुरुषभर उंचीची, मुद्दाम कच्ची. वरच्या थराला दोर बांधला. सिद्राम आणि मन्मथही आले होते; दोराचं टोक तिनं मन्मथच्या हाती दिलं. प्रांजलनं ओढणी कमरेला खोचली आणि कुणाला काही न सांगता भिंतीच्या पायथ्याशी उताणी झोपली.

"काय करलालीस?" मन्मथ ओरडला. "वेड लागलं का?"

"आत्यांनी विचारलं, कोण झोपलं होतं. मी झोपते. ओढा दोर."

मन्मथनं दोर फेकून दिला. "असला तमाशा मी करणार नाही. आई, बघ तुझ्या भीतीपायी काय काय चाललंय!"

महानंदा तरातरा पुढं गेली, तिनं प्रांजलचा हात धरून तिला उठवलं आणि बाजूला केलं.

"दुसऱ्यावर भिंत पडलेली मी एकदा बघितलीय. पुन्हा नाही बघायची मला." आणि ती स्वतः खाली बसली, मग हळूच आडवी झाली. पदर तोंडावर ओढून घेतला. "ओढा."

कुणीच हललं नाही. मन्मथ एकदम लहान मुलासारखा म्हणाला, "आई, ऊठ ना. मला नको ते घर. तू राहा शेडमध्ये. ऊठ."

तेव्हा सिद्रामनं खाली पडलेला दोर उचलला. आयुष्यभर कमी बोललेला माणूस तो. "मनू, बाजूला हो," तो म्हणाला. "हिला आत आणायला मी लई वर्षं थांबलोय." आणि पत्नीकडं न बघता त्यानं दोर ओढला.

भिंत वाकली, वर क्षणभर आकाश झाकलं गेलं आणि सगळी रास महानंदावर कोसळली. मोठा आवाज झालाच नाही. चुनखडीचा पांढरा धुरळा उडाला.

मन्मथ धावला आणि दोन्ही हातांनी विटा उपसू लागला. "थांब," राशीतून आवाज आला. "हात लावू नको. मी काढते."

आत महानंदाला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. छातीवर, पोटावर, मांड्यांवर ओझं होतं, पण दोन-चार गोधड्यांचं असावं तेवढंच. कपाळाला कुठंसं खरचटलं होतं. तिनं उजवा हात वर केला. हातावरची वीट सरकली आणि बाजूला घरंगळली. मग दुसरी. मग तिसरी. प्रत्येक वीट सरकत होती. तिला ते खरं वाटेना, म्हणून ती एकेक उचलून बघत होती आणि लांब फेकत होती. शेवटी ती उठून बसली. केस, पापण्या, लुगडं, सगळं पांढरं झालेलं.

तिच्या हातात एक वीट राहिली होती. तिच्याकडं बघत ती म्हणाली, "मल्लूवरचा दगड असा असता तर मी काढला असता." आणि भूकंपाच्या त्या पहाटेनंतर पहिल्यांदा ती मोठ्यानं रडली.

मन्मथ तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. त्यानं मल्लूचं नाव ऐकलं होतं, पण दगडाचं त्याला कुणी कधी सांगितलं नव्हतं. त्यानं आईच्या पापण्यांवरचा चुना आपल्या शर्टाच्या टोकानं पुसला. तिनं त्याचं डोकं छातीशी धरलं, आणि तो बापाएवढा झालेला माणूस तसाच बसून राहिला.

जूनअखेरीस शेड उतरलं आणि त्या जागी खोली उभी राहिली. सांगाडा मन्मथनं स्वतः उभा केला, विटा महानंदानं निवडल्या. जिला किंचितही हिरवा डाग, ती तिनं बाजूला काढली. खराब विटा वाया गेल्या नाहीत. प्रांजलनं त्यांचा भुगा करून शेताला खत म्हणून टाकला. बघायला गाव लोटलं. पलीकडच्या गल्लीतल्या काशीबाई, ज्या स्वतः पत्र्याखाली झोपत, त्यांनी विटेचा वास घेऊन विचारलं, "बुरशीच्या घरात झोप येते का गं महानंदा?"

"आत येऊन आडव्या व्हा म्हणजे कळेल," महानंदा म्हणाली. काशीबाई आडव्या झाल्या आणि चहा थंड झाला तरी उठल्या नाहीत. दिवाळीपर्यंत प्रांजलकडं गावातल्याच एवढ्या खोल्यांची मागणी आली, की शीतगृहाच्या मालकांना तिनं थांबायला सांगितलं.

पण हे सगळं नंतरचं. खोलीतल्या पहिल्या दुपारी बाहेर रखरखत होतं. पाऊस लांबलाच होता. महानंदा आत खाटेवर बसली होती, दार सताड उघडं टाकून. प्रांजल मधूनमधून डोकावून जात होती, पण काही विचारत नव्हती. जेवणं झाल्यावर सिद्राम अंगण ओलांडून आला. डोक्यावर त्याची खाट होती. त्यानं ती तिच्या खाटेशेजारी टाकली, टोपी उशाशी ठेवली आणि जणू रोजचंच असल्यासारखा आडवा झाला. बघता बघता त्याचा डोळा लागला.

महानंदा बसून ऐकत राहिली. काही वेळानं तो दचकून जागा झाला.

"झोपली नाहीस?"

"कशी झोपणार? तुम्ही घोरलालाव."

"मी घोरतो?" सिद्राम खरोखरच चकित झाला.

"घोरता की. पूर्वी नव्हता घोरत."

तो ओशाळला आणि उठून बसला. "मग खाट तिकडं नेतो. तू झोप निवांत."

"काही नेऊ नका," महानंदा म्हणाली. तिनं पाय वर घेतले, पदर डोक्यावरून ओढला आणि भिंतीकडं तोंड करून झोपली.